सेमरटोल्याच्या तुळईची गिटार

आम्ही गाव सोडलं तेव्हा माणसांच्या आधी दारं निघाली.

बाबांनी चौकटीच्या खुंट्या ठोकून ढिल्या केल्या, कवाडं उतरवली, मग कौलं, मग छपराचे वासे आणि सगळ्यात शेवटी मधली सागाची तुळई. घर उभं होतं तेव्हा त्याच्या पोटात एवढं लाकूड आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं. मागे नुसत्या मातीच्या भिंती राहिल्या. आई त्यांच्याकडे पाठ करून उभी होती. खाली बरगीच्या धरणाचं पाणी आमच्या शेताच्या बांधापर्यंत आलेलं होतं आणि ते कुणाला भिऊन परत जाण्यातलं नव्हतं.

मी त्या वर्षी बारावी नापास झालो होतो, म्हणजे मोकळाच होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकूड रचलं आणि ते सरकू नये म्हणून वजन म्हणून मला वर बसवलं. पहिल्याच नाल्यात लाकूड जागच्या जागी राहिलं आणि मी चिखलात. बाबा ट्रॅक्टरवरून ओरडले, "तुला लाकडाला सांभाळायला बसवलं होतं बे, तू काहून उतरला?"

आमच्या शेजारची गेंदाबाई, नदीत जाळं टाकणाऱ्या घरातली, तीही त्याच ट्रॉलीत होती, जाळ्याचं गाठोडं मांडीवर घेऊन. ती हसली. बाकी त्या दिवशी कुणी हसलेलं मला आठवत नाही. जबलपूर येईपर्यंत बाबा एकच वाक्य बोलले, आणि तेही आईला. "गाव गेलं तं जाऊ दे. घर तं आपल्यासंगं घेऊन चाललो ना."

हे मी सेमरटोल्याच्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो आहे. जे सिहोऱ्याकडे गेलात, जे वरच्या टेकडीवर चिकटून राहिलात, ज्यांची पोरं आता कुठल्या कुठे आहेत. लिहिण्यामागे माझा स्वार्थ आहे, तो शेवटी सांगतो.

आमचं त्या गावात असणं हाच मुळात एक जुना प्रवास होता. खापरपणजोबांच्याही आधीचं कुणीतरी मराठ्यांच्या चाकरीत नर्मदेपर्यंत आलं आणि इथली जमीन कसत राहिलं. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात उरलो. नागपूरचे पाहुणे यायचे आणि आमची मराठी ऐकून तोंडावर पदर धरायचे. आम्ही "करून राहिलो" म्हणायचो, आणि दर दुसऱ्या वाक्यात "अच्छा" घालायचो. पण घर मराठी होतं. उंबरठ्यावर बसायचं नाही, उंबरठ्यावर शिंकायचं नाही, भांडण झालं तरी उंबरठ्याच्या आतच झालं पाहिजे.

असल्या घरातल्या बाबांना जबलपुरात काम काय मिळालं, तर सराफ्यातल्या एका पेढीच्या दारात बसायचं. स्टूल, काठी आणि खाकी सदरा. स्वतःची चौकट मागच्या अंगणात आडवी पडलेली आणि हे दिवसभर दुसऱ्याची चौकट राखणार. यावर मी एकदा विनोद केला होता. बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. आईने माझ्या ताटातली दुसरी पोळी काढून घेतली.

गढ्याकडच्या एका गल्लीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मागे अंगण म्हणून जी चिंचोळी पट्टी होती तिथे ते सगळं लाकूड विटांवर रचून ताडपत्रीने झाकलं. प्लॉट घेतला की घर बांधायचं, तेच लाकूड, तीच तुळई. पहिल्या वर्षी हे बोलणं रोज व्हायचं. मग दिवाळीला व्हायचं. मग आई आजारी पडली, मी बारावीला दुसऱ्यांदा बसलो, दोन्हींत वेळ आणि होतं ते सगळं गेलं. मी पास झालो. आई झाली नाही. पुढे ते बोलणं कुणी काढेनासं झालं. मी तर त्या ताडपत्रीकडे फिरकायचोही नाही, कारण पहिल्याच पावसाळ्यात तिच्यातून विंचू निघाला होता आणि मी शेजाऱ्यांच्या भिंतीवर चढून बसलो होतो. भिंत शेजाऱ्यांची, आणि अंगावर टॉवेल. तो इतिहास गल्लीत अजून सांगतात.

मला वीज खात्यात कारकुनी लागली. ज्या धरणाने गाव घेतलं त्याच्यावरच वीज होते, आणि त्या विजेची बिलं दुरुस्त करायला मी बसलो. देवाला विनोदबुद्धी आहे हे मला तेव्हाच पटलं. ती जरा खालच्या दर्जाची आहे, एवढंच.

बाबांना एक खोड होती. सेमरटोल्याचं कुणी गेल्याची बातमी आली की ते सुट्टी टाकून जायचे. मग ते सिहोरा असो, बरगी असो, नाहीतर त्याच्याही पलीकडे. जाताना पोत्यात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा काखेत. बसच्या टपावर ठेवू द्यायचे नाहीत, मांडीवरच घ्यायचे. लोक आजाऱ्याला फळं नेतात, आमचे बाबा मेलेल्याला सरपण नेतात, असं मी ऑफिसात सांगायचो आणि पोरं हसायची. मला खरंच वाटायचं की खेड्यातल्या माणसाची ती काटकसरी रीत आहे. रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून.

आता गिटारीकडे येतो.

माझी मुलगी सई. मराठी तिला सगळी कळते, बोलताना मात्र ती मराठीचं बोट सोडून हिंदीत पळते. कॉलेजात असताना तिने कुणाची तरी जुनी इलेक्ट्रिक गिटार वाजवायला घेतली आणि ती त्या गिटारीचीच होऊन गेली. शिक्षण संपलं, बंगळूरला नोकरी लागली, आणि उसनी गिटार परत करायची वेळ आली. दोन दिवस पोरगी गिटारीच्या तारा पुसत बसली. मला ते बघवेना. आणि मी तिसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "गिटार काय, मी घरी बनवून देतो."

बायको म्हणाली, "तुम्ही? तुम्ही ते स्टूल बनवलं होतं ना, बसलं की मांडी घालतं?"

पण मोबाईलवर मी पाहिलं होतं. परदेशातला एक टकल्या माणूस गॅरेजात बसून, चहा पीत, लोण्यासारखं लाकूड कापत होता. अंग हवं जड, जुन्या लाकडाचं. दांडा हवा सरळ रेषांचा, वर्षानुवर्षं वाळलेला. वाळलेलं लाकूड आज बाजारात मिळत नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि माझ्या मागच्या अंगणात ते ताडपत्रीखाली पडलेलं होतं.

अडचण एकच. ते लाकूड मागायचं म्हणजे बाबांना सांगायचं की घर आता होणार नाही. बाबा पंच्याऐंशीच्या पुढे गेलेले, छाती खरखरत होती. त्या आशेवरच म्हातारा उभा आहे, ती मी कशी कापू? कित्येक दिवस मी त्यांच्याभोवती घिरट्या घातल्या. पाय दाबले. नको असताना चहा करून दिला. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "काय पाहिजे बोलून टाक, माझे पाय दुखून राहिले दाबून दाबून."

मी म्हणालो, "बाबा, घर काही आता होत नाही. त्या लाकडातलं एखादं सईच्या गिटारीला द्या."

"कोणतं घर?"

"आपलं. सेमरटोल्याचं. जे पुन्हा बांधायचं होतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर मी तयारीत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "तू अजून त्याच्यात बसून आहे काय? मला वाटलं, तू शिकलेला आहे, तुला कवाचं समजलं असंन." मग म्हणाले, "जा. ताडपत्री काढ. विंचू निघाला तं खालीच राहाय, भिंतीवर नको चढू, वय झालं तुझं."

मी काठीने ताडपत्री उलटवली. कडेने विटा, मध्ये एक जुना टायर, आणि विटांवर लाकडाचे तीन तुकडे. तुळईचेच, प्रत्येकी मांडीएवढे जाड आणि पुरुषाच्या छातीपर्यंत येतील एवढे लांब. बाकी काही नाही. इतकी वर्षं मी ज्या ढिगाला घर समजून घाबरत होतो, तो हवेवर उभा होता.

"बाकीचं कुठे गेलं?"

"जळलं."

"कुठे?"

"ज्याच्या त्याच्यासंगं." बाबा दारात येऊन टेकले. "कवाड रामदीनसंगं गेलं, सिहोऱ्याला. चौकट तुमच्या मास्तरसंगं. वासे एकेक करून गेले. फडताळाची फळी तुझ्या आईसंगं. तू तं होता तिथं. तूच म्हणाला, ही काळी फळी कशाला, लोक हसतील."

म्हणालो होतो. ग्वारीघाटावर. धुराने काळी झालेली ती फळी बाबांनी आईच्या चितेवर तिच्या पायांशी ठेवली होती आणि मला लाज वाटली होती.

इकडे स्मशानातून निघताना प्रत्येक जण चितेवर लाकडाचे छोटे तुकडे टाकतो, पंचलकडी म्हणतात. बाबांनी त्या रिवाजात आपलं घर घातलं होतं. "वखारीतून, टालवरून विकत आणलेलं लाकूड कोण्या जंगलातलं, कोणाला माहीत," ते म्हणाले. "माणसाच्या अंगावर एक तरी वळखीचं असावं." मग त्यांनी काठीने एकेका तुकड्याकडे दाखवलं. "हे माझं. हे गेंदाबाईचं. हे तुझं."

"माझं?"

"काहून? तू सेमरटोल्याचा नाही?"

मी हसलो. आपल्या नावाचं सरपण घरात इतकी वर्षं राखून ठेवलेलं आहे आणि आपण त्याच्यापासून चार हातांवर कपडे वाळत घालत होतो.

"तुझं आहे," बाबा म्हणाले. "जाळ नाहीतर वाजव. मला काहून विचारतो?"

म्हणून मी माझं घेतलं.

आरा मशीनवर पहिल्याच फेरीत कर्रकन आवाज झाला आणि पात्याचे दात उडाले. आत खोल एक खिळा होता. मशीनवाला तो चिमट्याने ओढत म्हणाला, "भैया, लकड़ी लाए हो कि लोहे की दुकान?" आईचं दह्याचं शिंकं त्या खिळ्याला टांगलेलं असायचं. लाकडातून वास आला तो सागाच्या तेलाचा, पण वरच्या पापुद्र्यातून मात्र चुलीचा. मशीनवर उभा राहून मी भुसा हुंगत होतो. मागे रांगेतले लोक थोडे सरकून उभे राहिले.

फळ्या निघाल्या, पण खिळ्याच्या जागेपासून एक चीर लांबवर गेली होती. अंगापुरतं लाकूड मिळालं, दांड्याला सरळ काही उरलं नाही. अंगाच्या फळ्या मी गोंदाने जोडल्या आणि दाब म्हणून वर पलंगाचा पाय ठेवला. बायको नेहमीप्रमाणे पलंगावर झोपली. मध्येच कूस बदलली. फळ्या सरकून लादीला चिकटल्या. काढताना लादीचा एक टवका गिटारीबरोबर आला. तारांची थरथर वायरीत घालणारं चुंबक बसवायला खळगा करायचा होता. मशीन उसनं आणलं आणि खळगा करता करता पलीकडे बाहेर निघालो. सई त्या भोकातून डोळा लावून म्हणाली, "पप्पा, खिड़की अच्छी है." मागून पत्रा ठोकला.

दांडा बाजारच्या लाकडाचा केला. त्यावर शिसवीची पट्टी, पट्टीत आडव्या तारा, सगळं त्या टकल्यासारखं. तारा ताणल्या आणि अभिमानाने गिटार भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी बघतो तर दांडा वाकून धनुष्य झालेलं.

बाबांनी ते हातात घेऊन वळवून पाहिलं. "हे घेऊन कोणत्या शिकारीला चालला?"

सईला निघायला थोडेच दिवस राहिले होते. ती म्हणाली, "रहने दो ना पप्पा, मी तिकडे घेईन नंतर." ती अर्धं वाक्य मराठीत बोलली, त्यावरूनच कळलं की तिला किती वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर बाबा मागच्या अंगणापासून ओसरीपर्यंत आपलं लाकूड ओढत आणत होते. थोडं ओढायचे, थांबून खोकायचे, पुन्हा ओढायचे. मी धावलो.

"हे घे. सरळ आहे."

"बाबा, हे तुमचं आहे."

"मग माझ्याच हातानं देऊन राहिलो ना?"

"आणि तुमच्या वेळेला?"

"मी तं मेलेला राहीन. मला काय समजते."

मला राग आला. "मग इतकी वर्षं बसमधून मांडीवर घेऊन कुणासाठी जात होते? तेही मेलेलेच होते ना?"

ते भिंतीला टेकून बसले. श्वास जमवायला त्यांना वेळ लागला. "ते त्यांच्यासाठी नाही नेलं," ते म्हणाले. "बाजूला पोरंबाळं उभी राहतात. त्यांना वाटते, आपला माणूस परक्या गावात जळून राहिला. त्यांच्यासाठी नेत होतो."

"तुमच्या बाजूला मी उभा राहीन."

"तू पाहून घेजो," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. विषय संपला.

मी ते लाकूड घेतलं. नाही म्हणणारा थोर मुलगा असतो तर ही गोष्ट जास्त शोभली असती. पण पोरगी निघाली होती, आणि लाकूड खरोखर सरळ होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेषा कुठे हलली नव्हती.

गिटार झाली. सईने गळ्यात घातली आणि वाकली. "पप्पा, ये गिटार है कि तुळई?" नुसती वाजवली तेव्हा बाबांनी कान पुढे केला. "आवाज कुठे आहे?" मग वायर लावली, स्पीकर लावला. बरगीची वीज सेमरटोल्याच्या लाकडात शिरली आणि खिडकीची तावदानं हलली. बाबा डोळे मोठे करून ऐकत राहिले. सईने थांबून विचारलं, "कैसा लगा, आजोबा?" ते म्हणाले, "आमच्या त्या घरात एवढ्या जोरानं कोणी कधी बोललं नव्हतं."

सई गेली तेव्हा कुठली दारं उतरवावी लागली नाहीत. एक बॅग, पाठीवर गिटार, आणि स्टेशनवर "पहुँच के फोन करती हूँ". आम्ही गाव सोडलं तेव्हा घर बरोबर नेलं आणि ते कुठेच उभं राहिलं नाही. तिने काहीच नेलं नाही असं तिला वाटत होतं.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. छातीनेच.

सई विमानाने आली ती सरळ ग्वारीघाटावर, पाठीवर गिटार घेऊन. चिता रचून झाली होती, टालवरची लाकडं. गेंदाबाई खाली पायऱ्यांवर बसली होती. आता तिला फारसं दिसत नाही. सईने गिटार खांद्यावरून उतरवली आणि माझ्यापुढे धरली. "पप्पा, दांडा आजोबा का है. चार स्क्रू हैं बस. निकाल दो."

मी नको म्हणालो नाही. बाबांनी सांगितलं होतं, पाहून घे. मी पाहत होतो, आणि त्या ढिगात ओळखीचं काही दिसत नव्हतं. कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला. तारा सोडल्या, स्क्रू काढले, दांडा ओढला. हलेना. सईने अंग धरलं, मी दांडा, दोघांनी ओढला. मेहुण्याने येऊन हात लावला. तेव्हा मला आठवलं. स्क्रूवर माझा विश्वास नव्हता म्हणून मी तिथे गोंदही घातला होता, बदाबदा. आयुष्यात मी केलेली एकच गोष्ट पक्की झाली होती, आणि ती ही. बापाच्या तिरडीशेजारी मुलगा आणि नात एका गिटारीशी रस्सीखेच करताना बघून घाटावरचे दोघेतिघे पाठ फिरवून हसत होते. मला त्यांचा राग आला नाही. मीही त्यांच्या जागी हसलो असतो.

"का हो रहा है?" गेंदाबाईने विचारलं. सईने सांगितलं.

म्हातारी पायरीला हात टेकून उठली. मग म्हणाली, "हमारी वाली कहाँ धरी है?"

"घर पे, बाई."

"मँगाओ."

मेहुणा स्कूटरवर गेला. सगळे थांबले. भटजी दोनदा घड्याळ बघून गेले. लाकूड आलं तेव्हा गेंदाबाईने ते पदराने पुसलं, हाताने मापलं, आणि टालवाल्याला म्हणाली, "बीच से काट दो."

"बाई, ये आपकी है," मी म्हणालो.

"सो पता है. आधी भैया को दो, आधी हमारे लाने धर दो. अब हम बचे ही कितने हैं, पूरी लकड़ी का करेंगे?"

कुऱ्हाडीचे घाव पडले. तिचं अर्धं लाकूड मी बाबांच्या छातीशी ठेवलं, आणि मग मी रडलो. तोपर्यंत जमलं नव्हतं.

आता माझा स्वार्थ सांगतो. गेंदाबाईचं उरलेलं अर्धं लाकूड आमच्या ताडपत्रीखाली आहे, त्याला मी हात लावणार नाही. माझ्या वाट्याचं बंगळूरला भाड्याच्या खोलीत राहतं, बाबांच्या वाट्याला चिकटून, सुटणार नाही असं. सई फोनवर वाजवून दाखवते. "तुमच्या वेळेला मी घेऊन येईन," म्हणाली. मी तिला बजावलं आहे, आणलीस तर बघ. घर कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी या दोन जागा सांगतो आणि समोरच्याचा चेहरा बघत बसतो.

पण आपण सगळे एकाच पाण्यातून निघालो होतो, आणि ट्रॉल्या तुमच्याही भरल्या होत्या. तुमच्याकडे माळ्यावर, गोठ्यात, खाटेखाली त्या वेळचा एखादा वासा, एखादी फळी पडलेली असेल. तुमच्या आजोबांच्या चितेवर पोत्यातून निघालेलं काळपट लाकूड तुम्हाला आठवत असेल, तर ते आमच्या घराचं होतं. हिशेब मागत नाही. फक्त माझी बातमी कानावर आली, तर येताना रिकाम्या हाताने येऊ नका. मोठं नको. हातभर पुरे.